दोन डोळ्यांनी पाहिलेलं आकाश

नमस्कार श्रोतेहो.

मार्च १९९६. मी दहा वर्षांची होते. रात्री जेवणं उरकल्यावर वडिलांनी मला गच्चीवर नेलं आणि स्वातीच्या केशरी ताऱ्याच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे पिंजलेल्या कापसासारखा एक गोळा होता, चंद्राहूनही मोठा वाटणारा. तो ह्याकुताकेचा धूमकेतू. दोन-तीन रात्रींत तो स्वातीपासून सरकत सरकत पार ध्रुवाजवळ पोचला. २५ मार्चला तो पृथ्वीपासून जेमतेम दीड कोटी किलोमीटरवर होता, म्हणून त्याची चाल इतकी भरभर जाणवत होती.

तो शोधला कुणी आणि कशातून, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. युजी ह्याकुताके हे दक्षिण जपानमधल्या कागोशिमा भागातले हौशी आकाशनिरीक्षक. डिसेंबर १९९५ मध्ये त्यांना आपला पहिला धूमकेतू सापडला होता. पाच आठवड्यांनी ते आकाशाचा तोच भाग पुन्हा न्याहाळत होते आणि जवळपास त्याच ठिकाणी त्यांना दुसरा दिसला. त्यांच्यापाशी होती ती द्विनेत्री दुर्बीण, आपण जिला बायनॉक्युलर म्हणतो ती. फक्त आकारानं प्रचंड. २५ पट मोठं दाखवणारी आणि १५० मिलिमीटर व्यासाच्या दोन भिंगांची.

हे वाचलं आणि आपल्यालाही अशा दुर्बिणीतून आकाश बघायचंय, हे मनानं घेतलं. माझी द्विनेत्री ह्याकुताकेंच्या निम्म्या आकाराची आहे, २० बाय ८०. यातला २० हा आकडा ती किती पट मोठं दाखवते ते सांगतो आणि ८० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ८० ला २० नं भागलं की ४ येतात. डोळ्यांशी येणारी प्रकाशाची शलाका तेवढी रुंद, ४ मिलिमीटर. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखलीत, तर नेत्रिकेत, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगात, ती पांढऱ्या टिकलीसारखी दिसते. काळोखात आपल्या डोळ्याची बाहुली पाच ते सात मिलिमीटर उघडते, वय वाढेल तशी थोडी कमी. म्हणजे ही सगळी शलाका डोळ्यात मावते, थेंबही सांडत नाही.

आता एक तुलना सांगते, मला फार आवडणारी. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओनं गुरूचे चंद्र पाहिले, तेव्हा त्याची दुर्बीणही साधारण २० पटच मोठं दाखवत होती. पण तिच्यातून दिसणारा आकाशाचा तुकडा इतका चिंचोळा, की पौर्णिमेचा चंद्रसुद्धा त्यात पुरा मावत नसे. माझ्या द्विनेत्रीत सहा पूर्णचंद्र ओळीनं मांडता येतील. मोठ्या द्विनेत्रीचं खरं वैभव मला यातच वाटतं. तिच्यात कुठलीही गोष्ट एकटी दिसत नाही, आजूबाजूच्या ताऱ्यांच्या गोतावळ्यासह दिसते. शिवाय दोन्ही डोळे उघडे. एक डोळा मिटून बघताना चेहरा आक्रसतो, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर ते जमतच नाही. दोन्ही डोळ्यांनी बघताना मेंदू दोन प्रतिमांचा मेळ घालतो आणि अगदी अंधुक वस्तूसुद्धा अधिक खात्रीनं जाणवते.

पौष अमावास्येच्या सुमाराला मी साताऱ्याच्या पूर्वेला, माण तालुक्यातल्या एका मळ्यावर जाते. कोरडी हवा, भोवती शाळूचं उभं रान, आणि गावातले दिवे टेकडीच्या आड. पोचल्यावर अर्धा तास तरी मी काही पाहत नाही. डोळे काळोखाला सरावायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. त्या वेळात मोबाइल उघडला की सगळं मुसळ केरात. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लावलेला असतो, तेवढाच उजेड.

सुरुवात पश्चिमेला उतरू लागलेल्या देवयानी दीर्घिकेपासून, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या दुसऱ्या महासमूहापासून. मोठ्या दुर्बिणीत तिचा गाभाच तेवढा दिसतो. द्विनेत्रीत मात्र ती लांबट, तिरकी पसरलेली असते, कडा कुठे संपते ते नेमकं सांगता येत नाही. पंचवीस लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला उजेड आहे हा. इथे एक युक्ती सांगून ठेवते. अंधुक गोष्टीकडे थेट बघू नका, नजर जराशी बाजूला ठेवा. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग रंग आणि बारकावे टिपतो, मंद उजेड टिपण्यात कडेचा भाग सरस असतो.

मग ययाती आणि शर्मिष्ठा या तारकासमूहांच्या मधला ताऱ्यांचा जोडगुच्छ, मग कृत्तिका. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारका दिसतात, इथे कित्येक निळसर ठिणग्या एकदम समोर येतात. एक अडचण मात्र आहे. आपल्या महाराष्ट्रातून कृत्तिका जवळजवळ डोक्यावर येतात, आणि तिपाईवरच्या द्विनेत्रीतून सरळ वर बघताना मानेचे हाल होतात. मी त्या पश्चिमेला कलेपर्यंत थांबते आणि तोवर मृगाच्या तेजोमेघाकडे वळते. त्याचे पंख पसरलेले दिसतात, हिरवट-राखाडी, आणि मध्ये तान्ह्या ताऱ्यांचा छोटासा पुंजका.

तिपाईशिवाय ही दुर्बीण निरुपयोगी आहे, हे स्पष्टच सांगते. वजन दोन किलोंच्या वर आणि हाताचा कंपही वीसपट दिसतो. हौस नवी असेल तर आधी साधी १० बाय ५० घ्या, ती हातात धरून बघता येते. आणि कुठलीही दुर्बीण सूर्याकडे कधीही, क्षणभरसुद्धा रोखू नका. डोळा कायमचा जातो.

एकदा प्रवासात माझ्या दुर्बिणीला धक्का बसला. वरून काही कळलं नाही. रात्री व्याधावर रोखली, तर एकाचे दोन व्याध. मेंदू ओढूनताणून त्यांना एकत्र आणायचा आणि दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागायचं. आतलं एक प्रिझम केसभर हललं होतं आणि दोन नळ्यांची दिशा फुटली होती. दुरुस्त करून आणेपर्यंत ऐन थंडीतली एक अमावास्या गेली, ती हळहळ अजून आहे. तेव्हापासून दुर्बीण कुठेही नेली की आधी एका ठळक ताऱ्यावर तपासते. डोळे मिटायचे, पटकन उघडायचे. पहिल्या क्षणाला तारा एकच दिसला पाहिजे.

अशा रात्री मला हटकून जॉर्ज अल्कॉक आठवतात. इंग्लंडमधल्या पीटरबरोचे शाळामास्तर. ऑगस्ट १९५९ मध्ये त्यांनी पाच दिवसांत दोन धूमकेतू शोधले, तेही मोठ्या द्विनेत्रीतून. हजारो ताऱ्यांची मांडणी त्यांना तोंडपाठ होती. शिक्षकाला वर्गातली मुलं ठाऊक असावीत तशी. एखादा नवा चेहरा आला की लगेच ध्यानात यायचं. अशा ओळखीतूनच त्यांनी पाच धूमकेतू आणि पाच नवतारे, म्हणजे अचानक उजळून उठलेले तारे, शोधले. मे १९८३ मधला धूमकेतू तर त्यांना घरात बसून, बंद खिडकीच्या काचेतून, १५ बाय ८० मधून दिसला. आज धूमकेतू शोधण्याचं काम बहुतेक यंत्रं करतात. पण आकाशाशी अशी ओळख तुम्ही-आम्ही आजही करून घेऊ शकतो, त्यात यंत्र आडवं येत नाही.

मध्यरात्रीनंतर दव पडू लागतं. जाड काळ्या पुठ्ठ्याच्या नळ्या करून मी भिंगांवर चढवते, तरी पहाटेपर्यंत धुरकट होतातच. फडक्यानं पुसायचं नाही, चरे पडतात. गाडीत ठेवून आपोआप सुकू द्यायचं.

पहाटे पाचच्या सुमाराला मी दुर्बीण दक्षिणेला वळवते, नरतुरंग तारकासमूहाकडे. तिथे ओमेगा सेंटॉरी नावाचा गोलाकार तारकागुच्छ आहे, सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षांवर. त्यात लाखो तारे आहेत. लंडनच्या आकाशात तो कधी उगवतच नाही. आपल्याकडे चांगला पंचवीस अंशांच्या आसपास वर येतो, म्हणजे मानेलाही त्रास नाही. द्विनेत्रीत गोल, मोठा, कडेला किंचित रवाळ दिसतो.

गेल्या खेपेला मळ्यावरच्या आजी चहा घेऊन आल्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचंय. म्हटलं, आजी, बघता का? त्यांनी पदर सावरला, दोन्ही डोळे लावले आणि बराच वेळ हलल्या नाहीत. चहा निवत चालला होता.

मग तशाच, डोळे न काढता म्हणाल्या, "परातीत पीठ चाळल्यागत दिसतंय की गं. मधी दाट, कडंला इरळ."