दर दोन तासांनी

पहाटेचे चार. इंदूर, लोकमान्यनगर. आमच्या घरात एवढ्या एकाच खोलीत दिवा लागलाय. माझी काकू उठली आहे. आजीला कुशीवर वळवायची वेळ झाली. दर दोन तासांनी होते.

आजीला अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली. डावी बाजू गेली. भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्या तब्येतीची चौकशी करतो. काकूची कुणी केली नाही. मीही केली नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

कॅमेरा काकूवर आहे. तिचे हात बघा. आजीच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत एक चादर दुमडून आडवी घातलेली आहे. काकू आजीला ओढत नाही, चादर ओढते. आजीची कातडी घासत नाही, काकूची कंबरही वाचते. मग पाठीशी उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीपासून अधांतरी. शेवटी माकडहाडापाशी बोट दाबून बघते. दाबल्यावर लाली गेली तर ठीक. तशीच राहिली, तर तिथे बेडसोर, म्हणजे पडून राहिल्यानं होणारी जखम, सुरू होतोय.

ही चादरीची युक्ती कळायला तिला सात महिने लागले. दवाखान्यातून सोडताना गोळ्यांचा कागद हातात मिळाला; माणूस वळवायचा कसा, ते कुणी दाखवलं नाही. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं ते दहा मिनिटांत शिकवलं. तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी अडून बसा. सिस्टर, एकदा माझ्या हातून करवून घ्या, म्हणा.

सत्तरी गाठलेल्यांना २०२४पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण भरती झाल्यावर. डायपर, हवेची गादी, सांभाळणारी बाई, हा खर्च घरचाच. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मात्र आजीला आता रिक्षात बसवावं लागत नाही, मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. आणि १४४१६, टेली-मानस, मनाच्या आधारासाठीची सरकारी हेल्पलाइन. हा नंबर चोवीस तास लागतो. तो काकूसाठी आहे, रडू आवरेनासं होतं त्या रात्रींसाठी.

"काही लागलं तर सांगा हं," दारात चपला घालताना सगळेच म्हणतात. मनापासून म्हणतात. काकूही म्हणायची, "नाही हो, सगळं ठीक आहे."

गेल्या महिन्यात तिनं पहिल्यांदा वेगळं उत्तर दिलं. शेजारच्या वहिनींना म्हणाली, "गुरुवारी तीन ते पाच आईंजवळ बसाल?" वहिनी लगेच हो म्हणाल्या. मग धाकट्या काकांना फोन केला: डायपर आणि औषधं आणायचं काम यापुढे तुमचं. तेही हो म्हणाले. दोन वर्षं कुणी नाही म्हणालं नव्हतं. नेमकं काय हवंय, तेच कुणाला माहीत नव्हतं.

आज गुरुवार. तीन वाजून पाच मिनिटं. वहिनी आजीला 'नईदुनिया' पेपर वाचून दाखवताहेत. पुढच्या खोलीत दार लोटून काकू झोपली आहे.

तिथे आम्ही कॅमेरा नेला नाही.