मदरबोर्ड तोच ठेवून पीसी अपग्रेड

मंडळी, अपग्रेडचा विषय निघाला की आपण आधी प्रोसेसरचे भाव बघायला लागतो. त्याआधी टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जा आणि पीसी अडकतो नेमक्या त्या क्षणी काय भरलेलं आहे ते बघा. सुरुवात मेमरीपासून करा. रॅम ९० टक्क्यांच्या वर गेली की विंडोज जादाचा माल डिस्कवर टाकते, मग डिस्कही १०० टक्के दिसते आणि दोष भलत्यालाच लागतो. प्रोसेसरचा एकूण आकडाही फसवा असतो. प्रोसेसर एका वेळी कामाच्या ज्या रांगा चालवतो त्यांना थ्रेड म्हणतात. बारा थ्रेडपैकी दोनच पूर्ण भरले असतील, तरी वर २० टक्क्यांच्या आसपासच दिसतं. आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक थ्रेड वेगळा बघा.

आज एकच पीसी डोळ्यांसमोर ठेवू: रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. असे पीसी घरोघरी आहेत आणि ते मोडीत काढण्याची काहीही गरज नाही.

पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कचा. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यात हेड सरकण्याचा वेळ धरला तर विखुरलेल्या फाइली सेकंदाला जेमतेम शंभर वेळा वाचून होतात. एसएसडी तेच काम हजारोंनी करते. बी४५० वर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डात बसते ती खाच) पीसीआयई ३.० चा असतो (पीसीआयई म्हणजे बोर्डावरचा डेटाचा मार्ग, ३.० ही त्याची पिढी), म्हणजे वेग सेकंदाला साधारण ३५०० एमबीपर्यंत. डब्यावर ७००० लिहिलेल्या एसएसडीला जास्त पैसे मोजलेत तर ते वाया जातील. काही बोर्डांवर एम.२ वापरला की दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लागते त्या जागा) बंद पडतात, मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असतं. एसएसडी बसवायचा बारीक स्क्रू बोर्डाच्या डब्यात असतो, तो आधी शोधून ठेवा.

विंडोज नव्याने टाकताना जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवा. ती लागलेली राहिली तर बूटची फाइल बऱ्याचदा जुन्या डिस्कवरच जाऊन बसते. पुढे ती डिस्क काढली की पीसी सुरूच होत नाही, आणि सगळे नव्या एसएसडीला नावं ठेवतात.

रॅम: आणखी एक ८ जीबी, डीडीआर४, ३२००. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. तरच ड्युअल चॅनेल मिळतो, म्हणजे दोन्ही काड्यांतून एकाच वेळी डेटा जातो. दोन्ही काड्या संथ काडीच्या वेगानेच चालतात. बायॉसमध्ये (पीसी सुरू होताना आधी चालणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम) एक्सएमपी, म्हणजे रॅम डब्यावरच्या वेगाने चालवण्याची सेटिंग, सुरू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर रेंगाळते. पहिल्या पिढीच्या रायझनला ३२०० अनेकदा झेपत नाही, प्रोसेसर बदलेपर्यंत २९३३ वर ठेवा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव फार चढले आहेत. एएमडीच्या नव्या प्रोसेसरांसाठीचा एएम५ बोर्ड घेतलात तर डीडीआर५ घ्यावीच लागते. हातातली डीडीआर४ वापरात ठेवणं हीच आज मोठी बचत आहे.

आता प्रोसेसर. एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० याच बोर्डात बसतो. ५५०० आणि ५६०० या नावांत शंभराचाच फरक असला तरी ५५०० ची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० ची ३२. गेममध्ये हा फरक जाणवतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर ५६०० घ्या. त्याला स्वतःचा डिस्प्ले नाही, मॉनिटरची केबल कार्डालाच लागते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत १६०० नाही, ५६०० आहे, तेव्हा तोही प्रश्न याच खर्चात सुटतो.

बायॉस मात्र जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करायचा. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर ‘सीपीयू सपोर्ट’ यादीत ५६०० समोर कोणती आवृत्ती लिहिली आहे ते बघा, फाइल एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्या आणि पीसी यूपीएसवर ठेवून काम करा. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या. प्रोसेसर बदलला की त्यातला टीपीएमही (कुलपाच्या किल्ल्या जपणारा भाग) बदलतो आणि विंडोज ती की मागते.

प्रोसेसरवरचा कूलर काढताना घाई नको. एएम४ च्या (बी४५० बोर्डावर प्रोसेसर बसतो ते सॉकेट) पिना प्रोसेसरला असतात. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळलेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला तर लॉक बंद असतानाही प्रोसेसर उपटून हातात येतो आणि पिना वाकतात. पीसी दहा मिनिटं लोड देऊन चालवा, बंद करा, पेस्ट कोमट असतानाच स्क्रू काढून कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा, मग उचला.

इंटेलवाल्यांसाठी थोडं वेगळं. एच११० बोर्डावरच्या आय५-६५०० ऐवजी आय५-८४०० बसवता येत नाही. दोन्ही सॉकेट ११५१ चेच, पण बोर्ड वेगळा लागतो. तिथे एसएसडी आणि रॅमवर थांबा, जुन्या आय७-७७०० साठी पैसे घालवू नका.

ग्राफिक्स कार्डाआधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बघा. १०५० टीआय स्लॉटमधून ७५ वॅटमध्ये भागवतं, त्यामुळे कॅबिनेटसोबत आलेला ‘४५० वॅट’वालाही आजवर चालला. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार करा: २१६ वॅट. नवं कार्ड म्हणून आरएक्स ६६०० घेतलं तर त्याला १३२ लागतात, प्रोसेसरला लोडवर ८० च्या आसपास. पंखे आणि डिस्क धरण्याआधीच शिल्लक संपली. गेम सुरू होताच पीसी रीस्टार्ट होतो तो यामुळे. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र), नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस घ्या. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, असेल तर जुन्याच्या केबल त्याला जोडू नका, पिनांची रचना वेगळी असते आणि डिस्क जळू शकते. घरचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो, मॉनिटरही त्यावरच असेल तर हेही लक्षात घ्या.

१०८० पी साठी ६६०० पुरतं, त्याला पीसीआयईच्या आठ लेन (डेटाच्या मार्गिका) आहेत. आरएक्स ६५०० एक्सटी कार्डाला चारच, त्यामुळे पीसीआयई ३.० बोर्डावर ते बरंच मागे पडतं. स्वस्त दिसलं तरी या पीसीसाठी घेऊ नका.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून करा किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून, जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. सुटा, बिनडब्याचा प्रोसेसर असेल तर वॉरंटी दुकानाची की कंपनीची हे बिलावरच हवं. आणि बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत एक रात्र मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा. एक जरी एरर आली तरी आधी एक्सएमपी बंद करून पुन्हा तपासा. तरीही आली तर काड्या एकेक करून लावा आणि दोषी सापडेल ती परत करा.