सुटकेचा आवाज : अकरा मिनिटं, चार जोडी बूट

[पडदा काळा. नुसता आवाज : लोखंडावर हातोडा, दोनदा.]

हा आवाज ध्यानात ठेवा. एका मराठी चित्रपटात आठ वर्षांची मुलगी फोनवर रडत बोलतेय आणि तिच्यामागे कुठेतरी हा ठोका दोनदा पडतो. तेवढ्यावरून तिचा बाप जागा ओळखतो : दारूखाना, रे रोडजवळ, जिथे जुनी जहाजं तोडतात. बाप एकेकाळी रॉमध्ये होता. पुढच्या अकरा मिनिटांत तो तिला सोडवून आणतो.

त्या अकरा मिनिटांतले संवाद, संगीत आणि बंदुकीचे बार सोडले, तर प्रेक्षक जे ऐकणार आहे त्यातलं बहुतेक सगळं या एका खोलीत तयार झालंय.

[प्रकाश. फोली स्टुडिओ. छताच्या हुकांना टांगलेली लोखंडी पट्टी.]

हातोडाही इथलाच. पट्टी भंगारातली, दीड फूट लांब, दहा मिलिमीटर जाड. जमिनीवर ठेवून ठोकली तर नुसतं ‘ठक’ येतं, कारण फरशी सगळा कंप पिऊन टाकते. टांगली की घुमते. पण टांगायचीही जागा असते. अशी पट्टी कंप पावते तेव्हा दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर ती जवळजवळ स्थिर असते. दीड फुटाला हे अंतर चार इंच. दोरी तिथे बांधली तर नाद लांबतो, अगदी टोकाला बांधली तर दोरीच त्याला मारते. दोरी सुती आहे, तेही मुद्दाम. साखळी असती तर तिची खुळखुळ ठोक्यात मिसळली असती.

[रेकॉर्डिस्टचा पडदा. आवाजाची लहर, तिच्या दोन्ही बाजू कापल्या जाताना.]

आता फोन. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. आजचे फोरजी कॉल याहून बरेच रुंद असतात, पण पडद्यावर ‘हा फोन आहे’ हे प्रेक्षकाच्या कानाला पटायला अजून तोच अरुंद पट्टा लागतो. म्हणून ठोक्याचं खालचं अंग काढून टाकलं, वरची धार काढली. उरलं ते हे. [आवाज : बारीक टण्.] पटकथेत आधी इथे जनरेटरची घरघर होती. मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या जनरेटरचा मूळ सूर ५० हर्ट्झच्या आसपास. तो या दारातून आत येतच नाही. शिवाय फोनमधली गोंगाट दाबणारी यंत्रणा एकसारखा चालणारा आवाज आधी खाते, सुटा ठोका त्यातून निसटतो. जनरेटर गेला, हातोडा आला. हेरगिरीच्या गोष्टीतला सगळ्यात हुशार निर्णय आवाजवाल्यांनी घेतला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

[जुन्या काळातल्या स्टुडिओची छायाचित्रं.]

या कामाला फोली म्हणतात, युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली यांच्या नावावरून. मूकपट बोलू लागले तेव्हा, १९२९ च्या सुमाराला, चालत्या चित्राकडे बघत पावलं आणि हालचाली वाजवायची पद्धत त्यांनी रुळवली. आपल्याकडे या कामाला वेगळंच बळ मिळालं. कॅमेरे इतके खडखडायचे की सेटवरचा आवाज वापरण्याजोगा नसायचा. संवाद नंतर डब व्हायचे, आणि मग पाऊल, दार, बांगडी, कपबशी, सगळंच नव्याने वाजवावं लागायचं. या शतकाच्या सुरुवातीपासून सेटवरचा आवाज परत वापरात आला. फोलीची गरज मात्र कमी झाली नाही. का, ते शेवटी येईल.

[जमिनीलगत कॅमेरा. फरशीचे चौकोन एकामागून एक.]

यांना पिट म्हणतात. शहाबादी, कडप्पा, सिमेंटचा कोबा, लाकडी फळ्या, खडी, मुरूम, रेती, आणि कोपऱ्यात पत्रा. कोब्याकडे नीट बघा. तो थेट जमिनीवर भरीव ओतलाय. हाच कोबा वरच्या मजल्यावर स्लॅबवर टाकला असता, तर प्रत्येक पावलाखाली पोकळी बोलली असती आणि गोदामाची जमीन पडद्यावर तराफ्यासारखी वाजली असती. लाकडाचं उलटं. त्याखाली पोकळी ठेवावीच लागते, नाहीतर लाकूडही दगडच वाजतं.

एसी बंद आहे. पंखाही बंद. रेकॉर्डिंग चालू असताना खोलीत फक्त माणूस आणि त्याचे कपडे असतात. कपडेही जुने, मऊ सुती, कारण नायलॉन कुजबुजतं. मनगटावर घड्याळ नाही, खिशात किल्ल्या नाहीत. आणि पोट रिकामं ठेवून चालत नाही, ते गुरगुरतं.

[बूट. चार जोड्या ओळीने.]

आधी पावलं. एका वेळी एकच पात्र. पडद्यावर बापाच्या पायात रबरी तळव्याचे बूट आहेत. रबर कोब्यावर वाजत नाही, म्हणून इथे चामडी तळव्याचे आहेत. ते करकरू नयेत म्हणून सांध्यात टाल्कम पावडर भरलीय. फोली कलाकार नटापेक्षा अंगाने बारीक आहे. वजन आणायला तो जोरात पाय आपटत नाही. आपटलं की नुसता आवाज मोठा होतो, माणूस जड होत नाही. तो टाच आधी टेकवतो आणि चवडा किंचित उशिरा खाली आणतो. त्या दोन आवाजांमधल्या अंतरात वजन असतं.

गोदामात शिरल्यावर अडचण वेगळी. प्रशिक्षित माणूस पाऊल वाजू देत नाही. पण पडद्यावर चालणाऱ्या माणसाचा काहीच आवाज आला नाही, तर प्रेक्षकाला तो सावध वाटत नाही, आवाज गेला असं वाटतं. म्हणून न वाजणारं पाऊल वाजवावं लागतं. बघा : पायाची बाहेरची कड आधी, मग हळूहळू सगळा तळवा, आणि कोब्यावर आधीच भुरभुरलेली चिमूटभर रेती. पाऊल ऐकू येत नाही, त्याखालची रेती दबल्याचं ऐकू येतं. ही रेती नंतर ओल्या फडक्याने पुसून काढायलाच हवी. राहिली तर पुढच्या प्रसंगात पोलिस ठाण्याच्या फरशीवरही किनारा वाजतो.

[रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून : “दादा, लवकर पडला.” कलाकार मान हलवतो, परत पहिल्या खुणेवर.]

लवकर म्हणजे किती? चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो, एक चौकट साधारण ४२ मिलिसेकंदांची. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी डोळ्याला खटकू लागतं. मागे मात्र तो सव्वाशेपर्यंत राहिला तरी चालून जातं. निसर्गाचीच सवय आहे ही. चौतीस मीटरवर कुणी दगड फोडत असेल तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. उशिरा येणारा आवाज आपण जन्मभर ऐकतो, आधी आलेला कधीच नाही.

[कलाकार गुडघ्यांवर बसतो. उजव्या हातात शाळेचा कॅनव्हासचा छोटा बूट, डावा हात उघडा.]

ही मुलगी. पळताना तिचा एक बूट हरवलाय. मोठ्या माणसाने पायांनी लहान मुलाची पावलं काढली तर चवड्यावर कितीही हलकं चाललं तरी वय लपत नाही. म्हणून हातांनी. उजव्या हाताला बूट. डाव्या तळहाताला ओला रुमाल लावून घेतला, कारण तिचा अनवाणी पाय ओल्या जमिनीवर पडतोय. टप्, चप्, टप्, चप्. मध्येच ती अडखळते, तिथे दोन्ही हात जवळजवळ एकदम पडतात. या चाळीस सेकंदांना सोळा टेक लागले.

[टेबल. कोबी, शेवग्याच्या शेंगा, ओलं शॅमॉय चामडं, चामड्याचं जाकीट, उशी.]

मारामारीकडे येऊ. एक ठोसा म्हणजे एक आवाज नव्हे. त्वचेला त्वचा लागते तो वेगळा, आतलं अंग हलतं तो वेगळा, आणि कपडा फडफडतो तो तिसरा. त्वचेसाठी ओलं शॅमॉय दुसऱ्या ओल्या शॅमॉयवर. अंगासाठी उशीवर टाकलेल्या चामड्याच्या जाकिटावर मूठ. हाड मोडायला परदेशात सेलरीची देठं मोडतात. इथे ताजी शेवग्याची शेंग किंवा गाजर. मोडायचं ते ओल्या फडक्यात गुंडाळून. उघडं मोडलं तर आवाज कुरकुरीत होतो आणि प्रेक्षकाला हाड नाही, कोशिंबीर दिसते. शेंग सकाळची हवी. दुपारपर्यंत ती लवते आणि मोडायच्या ऐवजी वाकते.

माइक तीन फुटांवर आहे. ठोसा जोरकस व्हावा म्हणून तो जवळ ओढायचा मोह होतो. पण या जातीचा माइक अगदी जवळ आणला की खालचे सूर फुगतात, आणि तिथेच पार्श्वसंगीताचा ढोल बसलेला असतो. दोघं एकमेकांना खातात. मग मिक्सिंगमध्ये ठोशाचा आवाज वाढवत नेतात, आणि तो आणखी मऊ होतो.

या भांडणात एकतीस ठोसे आहेत, आणि एकतीसही वेगळे मारलेत. कॉम्प्युटरमधल्या तयार लायब्ररीतून हे काम तासाभरात झालं असतं. तो तयार ठोसा तुम्ही ओळखता, फक्त ओळखता हे तुम्हाला माहीत नसतं. दहा चित्रपटांत तोच वाजलेला असतो. आणि माणूस दमतो. एकतिसाव्या ठोशाला बापाचा हात पहिल्याइतका लागत नाही, हे लायब्ररीला कसं कळणार?

[हातात पिस्तूल, बिजागरी, स्टेपलर.]

बंदुकीचा बार इथे होत नाही, फक्त हाताळणी होते. पिस्तूल खेळण्यातलं, आवाज जुन्या बिजागरीचा आणि स्टेपलरच्या स्प्रिंगचा. इथे एक जुनी खोड मोडावी लागली. पडद्यावर कुणी पिस्तूल नुसतं उचललं तरी ‘खडखट्’ वाजवायची पद्धत आहे. नीट राखलेलं पिस्तूल खुळखुळत नाही. त्यातही ग्लॉकला बाहेर घोडाच नसतो, तरी तो ओढल्याचा आवाज कित्येकदा ऐकू येतो! ज्याने उमर या कामात काढली, त्या बापाचं पिस्तूल इथे एकदाच वाजतं, मॅगझीन आत बसवताना. गुंडांची मात्र खुळखुळतात. ते तसंच ठेवलंय.

[केबल टाय. अगदी जवळून.]

मुलीचे हात केबल टायने बांधलेत. टाय खरा आहे. झटकन ओढला तर त्याचे दाते एकत्र होऊन नुसतं ‘झर्र’ येतं. हळू ओढला की एकेक दाता मोजता येतो. म्हणून बांधतानाचा आवाज मुद्दाम लांबवलाय. कापतानाचा आवाज नेलकटरचा.

[टांगलेली पट्टी पुन्हा. हातोडा.]

आणि गोदामात तोच ठोका, या वेळी पूर्ण अंगाने. [आवाज : टण्, लांब घुमत.] तीच पट्टी, तोच हातोडा, दोरी तिथेच. फक्त माइक आठ फुटांवर नेलाय. फोनमधला आणि इथला ठोका एकाच लोखंडाचे नसते, तर बापाने जागा कशी ओळखली हा प्रश्न कुणीतरी नक्की विचारला असता.

पावसाळ्यात हे सगळं अवघड होतं. चामडं दमट हवेत सैल पडतं, जाकीट बोलत नाही, कागद सळसळत नाही. सुक्या गवतासाठी म्हणूनच जुन्या कॅसेटची टेप पिशवी भरून ठेवलीय. तिला दमटपणा बाधत नाही.

[कलाकाराच्या मांडीवर दोन कापडं. एक जाड सदरा, एक फ्रॉकचं कापड.]

शेवटी कपडा. बाप मुलीला उचलतो. या चौकटींत संवाद नाही, पावलं नाहीत. जाड सुती सदरा फ्रॉकच्या कापडावर, एकदा. मग बोटांनी कापड मुठीत धरलं जातं.

[शांतता. दहा सेकंद. निवेदन नाही.]

फोली कलाकाराचे गुडघे, कंबर, मुरमाची धूळ यांचा हिशेब त्याच्या दरात धरलेला नसतो, आणि हा दर चित्रपटामागे ठरतो. श्रेयनामावलीत नाव येतं तोवर थिएटरचे दिवे लागलेले असतात.

[रेकॉर्डिस्टचा पडदा. ट्रॅकांची रांग.]

ट्रॅकांना नावं दिली जातात : बाप कोबा, बाप रेती, मुलगी बूट, मुलगी अनवाणी, पट्टी, कपडा. हा चित्रपट उद्या हिंदीत किंवा तेलुगूत गेला की मराठी संवाद काढले जातात, आणि सेटवर त्या संवादांना चिकटून रेकॉर्ड झालेली प्रत्येक हालचालही त्यांच्याबरोबर जाते. मागे राहतं संगीत, बाकीचे इफेक्ट्स आणि या खोलीतलं. ‘बाबा’ ही हाक दुसरीच मुलगी देईल. धावणारे पाय याच दोन हातांचे असतील.

[कलाकार गुडघ्यांवर, ओल्या फडक्याने कोब्यावरची रेती पुसतोय. एसी सुरू होतो.]