कशावरून?

(नाशिकमधील पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

"आम्हालाच लिहिता-वाचता येत नाही, आम्ही पोरांचा काय अभ्यास घेणार?" पालक सभेत हे ऐकलं की माझा जीव तुटतो. दिंडोरी तालुक्यातल्या एका अंगणवाडीत एक आई हेच म्हणाली. ती द्राक्षबागेत रोजानं जाते. मी विचारलं, बागेत डाऊनी, म्हणजे वेलीवरचा तो बुरशीचा रोग, आलाय हे तुम्हाला कसं कळतं? ती लगेच म्हणाली, "पानावर तेलकट पिवळा डाग पडतो. मग पान उलटं करायचं. खाली पांढरी बुरशी असली की डाऊनीच. भुरी हा दुसरा रोग असला तर राख भुरभुरल्यागत दिसतं."

अहो, हे वाचनच आहे! खूण बघायची, अर्थ लावायचा, पान उलटून खात्री करायची. दृश्यसाक्षरता म्हणतात ती हीच.

मग तिच्या चार वर्षांच्या लेकीसमोर एक चित्र ठेवलं. दारात बकरी, शेजारी आडवा हंडा. आईनं सवयीनं बोट ठेवलं, "हे काय? बकरी. हे काय? हंडा." पोरगी दोन शब्दांत गप्प. मी म्हटलं, चित्रात काय चाललंय ते विचारा.

"बकरीला तहान लागलीय."

"कशावरून गं?"

पोरगी चित्रावर वाकली. "हंडा पडला. पाणी सांडलं. जमिनीनं पिऊन टाकलं." हंड्याभोवतीची माती चित्रकारानं जरा गडद रंगवली होती. ते चित्र मी कित्येक वर्षं वापरतेय, तो काळसर डाग मला कधी दिसलाच नव्हता.

अमेरिकेत संग्रहालयातले कलाशिक्षक फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांनी चित्रासमोर विचारायचे तीन प्रश्न ठरवले. काय चाललंय? कशावरून वाटतं? आणखी काय दिसतंय? मधल्या प्रश्नाला मराठीत एक शब्द पुरतो आणि तो तुमच्या रोजच्या तोंडातला आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शंख-शिंपले, पानं, बिया हेच साहित्य होतं. मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच अंगणात नेली.

घरात पुस्तक नसेल तर कॅलेंडर असतं, लग्नपत्रिका असते. मोबाईल मात्र नको. मूल "कशावरून" सांगेपर्यंत त्यातलं चित्र पळून गेलेलं असतं.

आणि मागच्या रांगेतल्या वडिलांनो, रविवारी पोरांना पांडवलेण्यांवर न्या. तिसऱ्या लेण्यात जोत्यापाशी खांद्यावर तुळया पेलणारी माणसं कोरली आहेत. ती दमली असतील का, विचारा. पोरगं काय म्हणेल ते म्हणू द्या, दुरुस्त करू नका. "कशावरून?" एवढंच विचारा आणि त्याच्याशेजारी उकिडवे बसून, त्याच्या उंचीवरून बघा.