आज किती चौरस?

नमस्कार. आज थोडा हिशेब सांगायचाय, पण सुरुवात मासळीबाजारातून करते. किलोभर तारले आणि किलोभराचा एक अख्खा इसवण, मीठ-तिखट चोळायला कशाला जास्त लागेल? तारल्यांना. वजन तेवढंच, पण लहान लहान जिवांची मिळून कातडी जास्त.

माणसाचंही तसंच. ३ किलोचं, ५० सेंटिमीटर लांबीचं तान्हं बाळ आणि ५० किलोची उंच बाई घ्या. वजनात जवळपास सतरा पट फरक, कातडीच्या क्षेत्रफळात मात्र साडेसात पटच.

हे क्षेत्रफळ मोजायचं कसं? १९१६ साली डू बॉइस आडनावाच्या दोन अमेरिकन संशोधकांनी माणसांना अंगाला चिकटणारे कपडे घातले, वरून कागदाच्या पट्ट्या डकवल्या, मग तो साचा कापून सपाट पसरला आणि मोजला. माणसं किती? अवघी नऊ. त्यावरून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे! १९८७ साली मोस्टेलर यांनी सोपी वाट दिली: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतलं वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर चौरस मीटरमध्ये.

भाजल्यावर तर सूत्रही लागत नाही. दिवाळीच्या पहाटे भाणातलं, म्हणजे अंघोळीचं पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यातलं, कढत पाणी कुणाच्या अंगावर सांडलं, तर भाजलेल्या माणसाचा स्वतःचा तळवा, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. पोराचं मोजायचं तर पोराचाच हात धरायचा, आपला नव्हे. किती टक्के भाजलं, यावर सलाइन किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. तोवर तुम्ही वीस मिनिटं नळाचं थंड पाणी सोडा. टूथपेस्ट नको, बर्फही नको.

मी नर्स. बरीच वर्षं केमोथेरपीच्या वॉर्डात काढली. तिथं पुष्कळ औषधांचा डोस चौरस मीटरवर ठरतो. सगळ्यांचा नाही, कार्बोप्लॅटिनचा, उदाहरणार्थ, मूत्रपिंडं कशी चालतात त्यावरून काढतात. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून पहाटेच्या बसनं एक आजी यायच्या. उंची १६२, वजन ५०. गुणाकार ८१००, भागिले ३६०० म्हणजे सव्वादोन, वर्गमूळ बरोबर दीड. चौरस मीटरला १०० मिलिग्रॅमचं औषध, म्हणजे १५०.

वजनकाटा म्हटला की आजी कुरकुरायच्या, "अगे बाय, मागच्या खेपेला केलंस ना!" एकदा गर्दीत मीही ऐकलं आणि फाइलमधलं जुनं ५० तसंच उतरवलं. औषध बनवणाऱ्या फार्मासिस्टनं कागद परत पाठवला: वजन आजचं आहे का? मी आजींकडे पाहिलं. त्यांनी हात वर केला तशा बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. काट्यावर ४२ भरलं. क्षेत्रफळ १.३७ च्या आसपास, डोस दीडशेवरून सुमारे १३७ वर. माझे हात गार पडले होते, हे आज मोकळेपणानं सांगते.

त्यानंतर हिशेब आजींसमोर मोठ्यानं करायचा, असं मी ठरवलं. पुढच्या खेपेला त्यांनी दारातच चपला काढल्या, पिशवी माझ्या हातात दिली, काट्यावर चढल्या आणि विचारलं, "सांग गे, आज किती चौरस?"