कुत्रे असतात गं आई!

(दृश्य : नौपाड्यातलं घर. मुलाची सॅक भरणं चाललंय. शेजारी लॅब्रेडोर.)

ठाण्यातली किती तरी पोरं दर उन्हाळ्यात मनाली नाही तर उत्तरकाशी गाठतात. गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स. आईचा प्रश्न ठरलेला, "बर्फ अंगावर आला तर?" आणि उत्तरही ठरलेलं, "कुत्रे असतात गं, शोधतात."

खरं आहे. पण अर्धंच.

(दृश्य : लॅब्रेडोर सोफ्यामागे लपवलेली खारी हुडकतो.)

शोधकुत्र्याचं शिक्षण असंच लपाछपीनं सुरू होतं. गाडला गेलेला माणूस त्याच्या लेखी खेळणं देणारा गडी.

बर्फ घट्ट दिसला तरी त्यातून हवा खेळते. अंगाचा वास वर झिरपतो. वाऱ्याकडे तोंड करून फिरणारा कुत्रा हेक्टरभर, म्हणजे अडीच एकर बर्फ साधारण अर्ध्या तासात हुंगून काढतो. माणसांना तेवढ्यालाच चार तास, तेही वीस जण खांद्याला खांदा लावून, लांब सळया खुपसत गेले तर. खुपस, काढ, एक पाऊल पुढे.

मात्र वास सरळ वर येतोच असं नाही. कुत्रा उकरतो एकीकडे, माणूस असतो थोडा बाजूला. नेमकी जागा सळईच सांगते. आणि कुत्र्याची मान का वळली, हे ओळखतो त्याचा हँडलर.

(दृश्य : सियाचीन.)

३ फेब्रुवारी २०१६. सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले. शोधात डॉट आणि मिशा हे कुत्रे होते, रडार होतं, बर्फ फोडणारे जवान होते. सहा दिवसांनी लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. ११ तारखेला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला.

सहा दिवस हा अपवाद. स्वित्झर्लंडमधल्या जुन्या नोंदी सांगतात, पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जगतात. पस्तीस मिनिटांनी जेमतेम तिघं. नवे आकडे तर हातात दहाच मिनिटं ठेवतात. तेवढ्यात कुत्र्याचं हेलिकॉप्टर उडालेलंही नसतं. तिथे असतो फक्त सोबती. दोघांच्या अंगावर ट्रान्सीव्हर हवा, म्हणजे गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ-यंत्र; पाठीवर सळई, फावडं.

(दृश्य : पुन्हा नौपाडा. आई सॅकमध्ये डोकावते.)

"चिवडा आहे, मोजे आहेत. फावडं कुठाय रे?"