पिंगफांगचे डॉक्टर

(दृश्य : बर्फाने झाकलेलं मोकळं मैदान. कडेला विटांची फुटकी भिंत आणि दोन धुराडी.)

ईशान्य चीनमधलं हार्बिन शहर. हिवाळ्यात इथलं तापमान उणे वीसपर्यंत सहज उतरतं. शहराच्या दक्षिणेला पिंगफांग नावाचा भाग आहे. समोर दिसतेय ती तिथल्या बॉयलरची इमारत, म्हणजे तिचं जे काही उरलंय ते. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा मांचुरियात, म्हणजे जपानच्या ताब्यातल्या या ईशान्य चीनमध्ये घुसल्या, तेव्हा जपानी लष्कराने घाईघाईत सुरुंग लावून इथल्या इमारती उडवल्या. धुराडी पडली नाहीत.

लष्कराच्या कागदोपत्री हा साथप्रतिबंध आणि पाणी शुद्धीकरणाचा विभाग होता. जग त्याला युनिट ७३१ म्हणून ओळखतं. इथे पदवीधर डॉक्टर होते, जीवाणूंचे अभ्यासक होते, नामांकित विद्यापीठांतून आलेले संशोधक होते. आणि इथे निदान तीन हजार माणसांना प्रयोग करून मारण्यात आलं.

या माणसांचं पुढे काय झालं, ते आपण पाहणार आहोत. मेलेल्यांचं तर आहेच, पण मारणाऱ्यांचंही.

(दृश्य : शिरो इशिईचं लष्करी गणवेशातलं छायाचित्र.)

शिरो इशिई. जन्म १८९२, चिबा प्रांत. क्योतो इम्पिरियल विद्यापीठात वैद्यकीचं शिक्षण, मग लष्करात डॉक्टर. रोगजंतूंचं शस्त्र करायचं, या कल्पनेने त्याला झपाटलं होतं. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला आणि इशिईला हवी तशी जागा मिळाली. मायदेशापासून दूर, सगळा कारभार लष्कराच्या हाती, आणि अटक करायला हवी तेवढी माणसं. १९३६ मध्ये सम्राटाच्या हुकमाने या विभागाला अधिकृत मान्यता मिळाली. पहारेकरी म्हणून इशिईने आपल्या गावचीच माणसं आणली, त्यात त्याचा सख्खा भाऊही होता.

आत आणले जाणारे बहुतेक चिनी होते. काही रशियन, कोरियन, मंगोल. कुणी जपानविरोधी चळवळीतला, कुणी नुसता संशयित. लष्करी पोलीस त्यांना खटल्याशिवाय थेट इथे पाठवत. आत आल्यावर माणसाचं नाव संपे आणि नंबर सुरू होई. कर्मचारी आपसांत त्यांना ‘ओंडके’ म्हणत. प्लेग, कॉलरा, टायफॉइड, अँथ्रॅक्स यांचे जंतू त्यांच्या शरीरात सोडले जात आणि रोग कसा वाढतो याच्या नोंदी ठेवल्या जात. आतले अवयव बघायचे म्हणून जिवंतपणी शरीरं उघडली गेली.

यातला एकच प्रयोग जरा जवळून बघू.

(दृश्य : रिकामं अंगण, वाऱ्याचा आवाज.)

कडाक्याच्या थंडीत कैद्यांना बाहेर आणत. हात उघडे ठेवून त्यांवर पाणी ओतत आणि गार वाऱ्यात तसंच उभं करत. मग एक जण छोट्या काठीने हातावर मारून बघे. लाकडी फळीवर मारल्यासारखा आवाज आला, की हात पुरता गोठला अशी नोंद होई. हे १९४९ मध्ये सोव्हिएत संघातल्या खाबारोव्स्कच्या खटल्यात याच विभागातल्या माणसाने साक्षीत सांगितलं. पुढे गोठलेले हात वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात बुडवून बघायचे. अनेकांची बोटं झडली, हाडं उघडी पडली. हिमदंशाच्या या संशोधनाचा प्रमुख होता हिसातो योशिमुरा. त्याचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

(दृश्य : चीनचा नकाशा. निंगबो, छूचौ, चांगदे.)

भिंतीआडचं काम भिंतीआडच राहिलं नाही. २७ ऑक्टोबर १९४० रोजी निंगबो शहरावर जपानी विमानाने गहू आणि इतर धान्य टाकलं. धान्यात पिसवा होत्या, प्लेगचे जंतू असलेल्या. काही दिवसांतच गावात माणसं तापाने फणफणली. प्लेग म्हणजे काय, घरं रिकामी करणं म्हणजे काय, हे ज्यांच्या पणज्यांनी १८९७ च्या पुण्यात पाहिलं, त्यांना वेगळं सांगायला नको. निंगबोत शंभराहून अधिक माणसं गेली आणि साथ आटोक्यात आणायला तो सगळा मोहल्ला जाळावा लागला. पुढच्या वर्षी चांगदे. त्याच्या पुढच्या वर्षी झेजियांग प्रांतातलं चोंगशान गाव, तिथे सुमारे चारशे बळी.

याच वर्षांत याच चीनमध्ये आणखी एक डॉक्टर होते. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. मुंबईत शिकलेले, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून गेलेले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथेच राहिले. जपानी सैन्याशी लढणाऱ्या जखमी सैनिकांवर आघाडीजवळ, अपुऱ्या साधनांनिशी शस्त्रक्रिया करत राहिले, तरुण चिनी मुलांना वैद्यकी शिकवत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. तिकडे पिंगफांगमध्ये इशिईचा विभाग तेव्हा जोरात होता. दोन्हीकडच्या माणसांनी शरीरशास्त्र सारखंच शिकलेलं होतं, हे मला विसरता येत नाही.

(दृश्य : १९४५, उद्ध्वस्त तोक्यो. अमेरिकी जीप.)

पराभव समोर दिसू लागताच पिंगफांगमध्ये उरलेले सगळे कैदी मारून जाळले गेले. इशिईने आपल्या माणसांना बजावलं, हे गुपित मरेपर्यंत बाहेर पडता कामा नये. आणि सगळे मायदेशी निघून गेले.

अमेरिकी अधिकारी तोक्योत आले, ते त्यांना शोधतच. पण पकडायला नव्हे, तर विचारायला. पहिल्या अमेरिकी तपासनिसाचा दुभाषी होता र्‍योइची नाइतो. हा इशिईचाच उजवा हात. चौकशी लांबत गेली आणि अखेर सौदा ठरला. माहिती द्या, खटला होणार नाही. जपानच्या दक्षिण भागात डोंगरांत पुरलेल्या आणि देवळांत लपवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या सुमारे आठ हजार काचपट्ट्या बाहेर आल्या. त्यांवर दोनशेहून अधिक माणसांच्या शरीरांचे तुकडे होते.

१२ डिसेंबर १९४७ चा अमेरिकी अहवाल मी वाचला, तेव्हा त्यातल्या हिशेबापाशी थांबलो. या सगळ्या माहितीवर आजवर अडीच लाख येन खर्च झाला, खऱ्या किमतीच्या मानाने तो अगदीच किरकोळ, असं त्यात म्हटलं आहे. माणसांवर प्रयोग करण्याविषयी आपल्याकडे संकोच असल्यामुळे ही माहिती आपल्या प्रयोगशाळांत मिळाली नसती, हेही. आणि ज्यांनी ती स्वेच्छेने दिली त्यांना त्यापायी अडचणीत यावं लागू नये, अशी अपेक्षाही. मेलेल्यांविषयी अशी कुठलीच अपेक्षा नाही.

जपानी युद्धगुन्हेगारांवरचा तोक्योचा मोठा खटला १९४६ ते १९४८ चालला. इशिई आरोपींच्या पिंजऱ्यात नव्हता. सोव्हिएत संघाने १९४९ च्या डिसेंबरात खाबारोव्स्कमध्ये बारा जणांवर खटला चालवला, शिक्षाही दिल्या. पाश्चिमात्य देशांनी तो प्रचार म्हणून उडवून लावला. त्यात प्रचार होताच, पण साक्षी खोट्या नव्हत्या. शिक्षा झालेले बहुतेक १९५६ पर्यंत घरी परतले. इशिई १९५९ मध्ये घशाच्या कर्करोगाने वारला, एक दिवसही तुरुंगात न जाता.

(दृश्य : पन्नाशीच्या दशकातलं जपान. इस्पितळ, रक्तपेढी.)

आणि बाकीचे? हिमदंशवाला योशिमुरा क्योतोमधल्या एका वैद्यकीय विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. १९७८ मध्ये त्याला सरकारी मानचिन्ह मिळालं. दुभाषी नाइतोने १९५० मध्ये रक्तपेढी काढली, तीच पुढे ‘ग्रीन क्रॉस’ नावाची मोठी औषध कंपनी झाली. इशिईनंतर काही काळ युनिट ७३१ चा प्रमुख असलेला मासाजी कितानो त्याच कंपनीत मोठ्या पदावर होता. १९८० च्या दशकात जपानमध्ये दूषित रक्तघटकांमुळे हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या विकाराच्या, हजाराहून अधिक रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली. तो माल विकणाऱ्यांत ग्रीन क्रॉस होती, आणि १९९६ मध्ये तिच्या अधिकाऱ्यांनी पीडितांसमोर जमिनीला कपाळ टेकवलं. नाइतो १९८२ मध्येच वारला होता, तेव्हा हा दोष सरळ त्याच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. पण ज्या कंपनीचा पायाच अशा माणसांनी घातला, तिथे रुग्णाच्या जिवाची किंमत काय ठरली असेल, हा प्रश्न जपानी पत्रकारांनीच विचारला, आणि तो योग्यच आहे.

(दृश्य : तोक्यो, न्यायालयाबाहेर वृद्ध चिनी वादी, सोबत जपानी वकील.)

हे सगळं उकरून काढणारेही मुख्यतः जपानीच होते, हे सांगायलाच हवं. इतिहासकार साबुरो इएनागा यांनी पाठ्यपुस्तकात युनिट ७३१ चा उल्लेख केला, शिक्षण मंत्रालयाने तो काढायला लावला. पाठ्यपुस्तकांच्या सेन्सॉरशिपविरुद्ध इएनागा १९६५ पासून कोर्टात लढत होते. २९ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हा उल्लेख काढायला लावणं बेकायदा होतं. त्याच वर्षी वांग श्वान यांच्या पुढाकाराने चिनी नागरिकांनी जपान सरकारवर दावा लावला, पुढे वादींची संख्या १८० झाली. वांग यांचं मूळ गाव चोंगशान. त्यांच्यासाठी जपानी वकील उभे राहिले. २००२ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाने मान्य केलं की जंतुयुद्ध झालं आणि त्यात माणसं मेली. भरपाई मात्र नाकारली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तेच झालं.

२०१८ मध्ये जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या विभागातल्या ३,६०७ जणांची नावं खुली केली. त्यासाठी पाठपुरावा करणारे कात्सुओ निशियामा हे स्वतः वैद्यकीय प्राध्यापक. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हिदेओ शिमिझु, चौदाव्या वर्षी इथे भरती झालेले आणि आता नव्वदी ओलांडलेले, हार्बिनला गेले आणि स्मारकापुढे उभं राहून त्यांनी माफी मागितली.

(दृश्य : क्योतो विद्यापीठ. जुन्या प्रबंधाचं पान.)

निशियामा आणि त्यांचे सहकारी आणखी एका गोष्टीच्या मागे लागले. पिसवांमधून प्लेग कसा पसरतो यावरचा एक प्रबंध, या विभागातल्या एका अधिकाऱ्याचा, क्योतो विद्यापीठाने पदवी दिलेला. त्यात प्रयोगाचा प्राणी माकड असल्याचं लिहिलंय. आणि पुढे असंही लिहिलंय, की सहाव्या दिवशी त्या प्राण्याने डोकं दुखत असल्याची तक्रार केली. माकड डोकेदुखी सांगतं कसं, हा साधा प्रश्न घेऊन प्राध्यापक विद्यापीठाकडे गेले आणि पडताळणी करा म्हणाले. २०१९ मध्ये विद्यापीठाचं उत्तर आलं : तो प्राणी माकड नव्हता असं खात्रीने म्हणता येत नाही. पदवी रद्द झाली नाही.